रेव्हरंड नारायण वामन टिळक

कोकणच्या लाल मातीने महाराष्ट्राला अनेक विद्वान, लेखक आणि देशभक्त दिले. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव या लहानशा खेड्यात ६ डिसेंबर १८६१ रोजी एका ब्राह्मण कुटुंबात एक मुलगा जन्मास आला. त्याचे नाव नारायण. हाच मुलगा पुढे फुलांचा आणि मुलांचा कवी म्हणून मराठी घराघरांत ओळखला जाऊ लागला. त्याच्या कविता वाचताना मन प्रसन्न होते. या कवीचे आयुष्य सुखासमाधानात, फुलबागेत हिंडण्यात गेले असावे, असेच वाचणाऱ्याला वाटते. पण वस्तुस्थिती अगदी निराळी होती. दारिद्र्य, वियोग, मृत्यू आणि लोकनिंदा यांनी त्याची पाठ कधीच सोडली नाही. असे असूनही त्याच्या वाणीतील आनंद आटला नाही. तो आनंद त्याला कोठे सापडला, ही त्याच्या चरित्रातील सर्वांत मोठी गोष्ट होय.

नारायणाचे वडील वामनराव सरकारी नोकरीत होते. नोकरीच्या निमित्ताने ते बहुतेक काळ घरापासून दूर असत. त्यांचा स्वभाव अतिशय कडक होता. मुलाच्या वाट्याला त्यांची माया फारशी आली नाही. धाक मात्र पुष्कळ आला. आई जानकीबाई यांचा स्वभाव याच्या अगदी उलट होता. त्या प्रेमळ होत्या, धर्मशील होत्या, आणि काव्याची त्यांना उपजतच गोडी होती. नारायणाच्या मनात कवितेचे बीज पेरले गेले ते आईच्या सहवासात. पुढे आयुष्यभर आईची आठवण निघाली की टिळकांचे अंतःकरण भरून येई.

कल्याणला नारायणाचे प्राथमिक शिक्षण चालू होते. इतक्यात त्याच्यावर आकाश कोसळले. तो सुमारे अकरा वर्षांचा असताना आईचा मृत्यू झाला. ज्या घरात आई नाही, त्या घरात त्याचा जीव रमेना. लवकरच तो घराबाहेर पडला आणि नाशिकला गेला. जवळ पैसा नाही, पाठीशी आधार नाही, अशा स्थितीत या पोरक्या मुलाने परक्यांच्या आसऱ्याने विद्या मिळवण्यास आरंभ केला. गणेशशास्त्री लेले यांच्यासारख्या विद्वानाजवळ त्याला संस्कृत काव्य शिकावयास मिळाले. त्याची बुद्धी तीव्र होती आणि पाठांतर विलक्षण होते. थोडे इंग्रजी शिक्षणही त्याने घेतले. परंतु घरच्या अडचणींमुळे शाळा अर्ध्यावर सोडून पोटामागे लागावे लागले.

१८८० च्या सुमारास टिळकांचा विवाह झाला. नाशिकजवळच्या जलालपूर गावच्या गोखल्यांची कन्या मनकर्णिका ही लग्नानंतर लक्ष्मीबाई झाली. त्या काळच्या रीतीप्रमाणे वधूचे वय अवघे अकरा वर्षांचे होते. लक्ष्मीबाईंना शाळा माहीत नव्हती. पतीच्या सहवासातच त्या लिहावयास व वाचावयास शिकल्या. पण त्यांचा संसार म्हणजे नुसती धावपळ होती. टिळक कोठे शिक्षक होत, कोठे पुराण सांगत, कोठे छापखान्यात खिळे जुळवत. एका गावी बिऱ्हाड थाटावे आणि थोड्याच दिवसांत ते मोडावे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. टिळकांचा स्वभाव तापट होता, आणि लहरीही होता. एखादी कल्पना मनात आली की ते कोणास न सांगता घर सोडून निघून जात. हातात आलेला पैसा हातात टिकत नसे. वाटेत कोणी गरजू भेटला की तो पैसा त्याचा होई, आणि घरात लक्ष्मीबाईंना चूल कशी पेटवावी याचा विचार पडे. थोर माणसांच्या अंगीही दोष असतात. टिळकांच्या दोषांचा भार त्यांच्या पत्नीने सोसला, हे विसरून चालणार नाही.

या भटकंतीतही टिळकांचे मन एका प्रश्नाभोवती फिरत होते. आपल्या देशातील माणूस माणसाला शिवत नाही, दुबळ्याला सबळ तुडवतो, याचे त्यांना अपार दुःख होई. जातिभेद नष्ट करील, मनुष्यमात्राला बंधू मानावयास शिकवील, असा धर्म कोणता, याचा ते शोध घेत होते. १८९१ मध्ये त्यांना नागपूरला संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचे काम मिळाले. तेथेही त्यांचे वाचन आणि चिंतन चालूच राहिले. याच काळात पुत्रवियोगाचे दुःखही त्यांच्या वाट्याला आले. ‘बापाचे अश्रू’ हे त्यांच्या एका प्रसिद्ध कवितेचे नाव आहे. त्या नावातच एका पित्याचे हृदय दिसते.

१८९३ मध्ये टिळक नोकरीच्या शोधात आगगाडीने राजनांदगावकडे चालले होते. डब्यात एक परदेशी ख्रिस्ती गृहस्थ होते. दोघांचे बोलणे सुरू झाले. काव्यावरून विषय धर्माकडे वळला. निरोप घेताना त्या गृहस्थांनी टिळकांना बायबलची एक प्रत भेट दिली, आणि येत्या दोन वर्षांत टिळक ख्रिस्ती होतील, असा विश्वास प्रकट केला. टिळकांना ते बोलणे पटले नसावे. परंतु पुस्तक वाचीन असे वचन त्यांनी दिले आणि दिलेले वचन पाळले.

वाचता वाचता ते येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी आले, आणि तेथेच थबकले. जगाची रीत अशी की धनवान, बलवान आणि यशस्वी माणसाला लोक भाग्यवान म्हणतात. या प्रवचनात मात्र दीन, शोकाकुल, सौम्य आणि न्यायासाठी छळ सोसणारे लोक धन्य मानले आहेत. शत्रूवरही प्रेम करावे, असा तेथे उपदेश आहे. बालपणापासून दुःख भोगलेल्या टिळकांना हे शब्द आपल्यासाठीच लिहिले आहेत असे वाटले. दुःख हा देवाचा कोप आहे असे समजून खचण्याचे कारण नाही. जो स्वतः क्रूसावर यातना भोगतो, तो देव दुःखिताच्या जवळच उभा असतो, ही जाणीव त्यांच्या मनात उगवली. ते पुन्हापुन्हा वाचू लागले, प्रार्थना करू लागले आणि लेखी प्रश्न विचारून शंकांचे निरसन करून घेऊ लागले.

मन निश्चित झाले तरी पाऊल उचलणे सोपे नव्हते. त्या काळी ब्राह्मण घरातील मनुष्याने ख्रिस्ती व्हावे म्हणजे जिवंतपणी मरण पत्करण्यासारखे होते. आप्तेष्ट तुटत, घराचे दार बंद होई, पाण्याच्या घोटालाही मनुष्य परका होई. टिळकांचे लक्ष्मीबाईंवर अतिशय प्रेम होते. मुलगा दत्तू अगदी लहान होता. या दोघांना आपण अंतरणार, हे त्यांना दिसत होते. तरीही जे सत्य वाटले त्यापासून मागे हटणे त्यांना शक्य झाले नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो देण्यासाठी त्यांनी परदेशी मिशनरी निवडला नाही. तुकारामजी नथोजी या आपल्याच देशातील पाळकाच्या हातून त्यांनी दीक्षा घेतली. धर्म बदलला तरी देश बदलत नाही, हे त्यांना या कृतीने दाखवावयाचे होते.

ही बातमी लक्ष्मीबाईंना आधी ठाऊक नव्हती. ती कळताच त्यांची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करवत नाही. लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन नातलगांच्या आश्रयाला राहिल्या. काही काळ त्यांचा मुक्काम पंढरपूरला होता. पती जिवंत असूनही त्यांना पतीपासून दूर राहावे लागले. आपला अपराध काय, हे त्यांना उमजत नव्हते. या दुःखात त्यांच्या मुखातूनही कविता उमटू लागली. इकडे टिळकांचाही जीव तळमळत होता. पत्नी आणि मुलगा यांच्या आठवणीने ते व्याकूळ होत. आपण जे केले त्यात चूक नाही अशी त्यांची श्रद्धा होती. पण आपल्यामुळे एक निरपराध जीव होरपळत आहे, हेही त्यांना कळत होते. या दोन जाणिवांच्या मध्ये त्यांनी ती वर्षे काढली.

सुमारे साडेचार वर्षांनी लक्ष्मीबाई अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, टिळकांकडे आल्या. टिळक तेव्हा तेथील ख्रिस्ती धर्मविद्यालयात शिकवत होते. लक्ष्मीबाईंनी धर्म सोडला नव्हता. त्या आपले सोवळे पाळत आणि आपला स्वयंपाक वेगळा करत. टिळकांनी त्यांच्यावर कोणतीही सक्ती केली नाही. जुना संतापी स्वभाव ताब्यात ठेवून ते वाट पाहत राहिले. हळूहळू लक्ष्मीबाईंच्या मनातही विचार सुरू झाले. मनुष्यामनुष्यांत देवाने भेद केलेला नाही, हा भेद माणसांनीच निर्माण केला आहे, असे त्यांना स्वतःच्या बुद्धीने पटले. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. जी गोष्ट आग्रहाने कधीच साधली नसती, ती धीराने साधली.

त्याच सुमारास महाराष्ट्रावर मोठी संकटे आली होती. १८९९ आणि १९०० या वर्षांत भयंकर दुष्काळ पडला. गावोगावची विहिरी-नाले आटले, गुरे मेली, माणसे अन्नान्न करत वणवण हिंडू लागली. प्लेगनेही धुमाकूळ घातला होता. अशा वेळी टिळक पतिपत्नींनी आपल्या घराचे दार उघडे ठेवले. राहुरी येथे असताना लक्ष्मीबाईंनी वीसबावीस गरीब मुलांचा सांभाळ केला. त्यांचे जेवणखाण, आजारपण आणि अभ्यास हे सारे त्या पाहत. जी स्त्री एके काळी परक्याच्या स्पर्शाने विटाळ मानीत होती, ती आता सर्व जातींच्या मुलांची आई झाली. टिळकांची मिळकत थोडी आणि खाणारी तोंडे फार. तरीही त्या घरात हास्यविनोदाला तोटा नसे. कविता, कीर्तन आणि गप्पा यांनी ते घर सदैव गजबजलेले असे.

याच घरात एक तरुण कवी मुलासारखा वाढला. त्याचे नाव त्र्यंबक बापूजी ठोंबरे. हेच प्रसिद्ध बालकवी होत. आपल्यापेक्षा वयाने सुमारे तीस वर्षांनी लहान असलेल्या या मुलाची प्रतिभा टिळकांनी ओळखली आणि तिला मायेने खतपाणी घातले. टिळकांचे मन मोठे होते. दुसऱ्याच्या गुणांनी त्यांना आनंद होई.

टिळकांची स्वतःची काव्यशक्तीही या काळात बहरली. रानात एकटेच उमललेले फूल, शिकाऱ्याच्या हातून घायाळ झालेली पक्षीण, आईबापांची माया, मुलांचे निरागस खेळ, हे त्यांच्या कवितेचे विषय होते. ‘वनवासी फूल’ आणि ‘केवढे हे क्रौर्य!’ या कविता महाराष्ट्रात फार लोकप्रिय झाल्या. मुक्या जिवाचे दुःख पाहूनही त्यांचे हृदय द्रवत असे. ज्याने स्वतः दुःख सोसले, त्यालाच दुसऱ्याच्या दुःखाची भाषा कळते. मुलांसाठीही त्यांनी आवडीने लिहिले आणि ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकासाठी काम केले. ‘ज्ञानोदय’ या जुन्या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादनही त्यांनी अखेरच्या वर्षांत केले.

ख्रिस्ती समाजाला टिळकांनी दिलेली देणगी तर अमोल आहे. त्यापूर्वी येथील चर्चमध्ये बहुधा इंग्रजी गीतांची भाषांतरे परदेशी चालींवर गायिली जात. शब्द मराठी असले तरी त्यांचा सूर मराठी माणसाच्या काळजाला भिडत नसे. ज्ञानेश्वर, नामदेव आणि तुकाराम यांच्या वाणीवर वाढलेल्या टिळकांना हे खटके. आपण तुकोबांच्या अभंगांचा पूल ओलांडूनच ख्रिस्ताच्या चरणांपाशी आलो, असे ते कृतज्ञतेने सांगत. त्यांनी मराठी चालींवर शंभराहून अधिक भजने रचली, अभंग लिहिले, आणि टाळ-मृदंगाच्या साथीने ख्रिस्तचरित्रावर कीर्तने केली. खेड्यापाड्यांतील निरक्षर माणसेही ती भजने तोंडपाठ म्हणू लागली. या भजनांत येशू हा दूरचा देव नाही. तो आई आहे, सखा आहे, गुरू आहे. संकटात सापडलेला भक्त तेथे रडगाणे गात बसत नाही. तो आपले दुःख देवापुढे ठेवतो आणि हलक्या मनाने पुढे चालू लागतो. आजही महाराष्ट्रातील चर्चमध्ये ही भजने गायिली जातात.

१९०९ मध्ये टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य लिहावयास घेतले. येशूचे संपूर्ण चरित्र ओवीबद्ध करावे, असा त्यांचा संकल्प होता. परंतु इतर कामांच्या व्यापात दहा अध्याय पूर्ण होऊन अकरावा अपुराच राहिला.

टिळकांच्या देशभक्तीविषयी काही लोक शंका घेत. परधर्मात गेलेला मनुष्य स्वदेशाचा कसा राहील, असे त्यांना वाटे. दुसरीकडे, परदेशी मिशनऱ्यांच्या पगारावर येथील ख्रिस्ती समाजाने किती दिवस अवलंबून राहावे, असा प्रश्न टिळक स्वतःच निर्भयपणे विचारीत. म्हणून दोन्ही बाजूंनी त्यांना टीका सहन करावी लागे. टीकेला त्यांनी कृतीने उत्तर दिले. १९१७ मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडला. म्हातारपणी मनुष्य पोटापुरती तरी तरतूद शोधतो. टिळकांनी होती तीही सोडून दिली. साताऱ्यास जाऊन त्यांनी ‘देवाचा दरबार’ नावाचे एक बंधुमंडळ सुरू केले. कोणत्याही जातीचा किंवा पंथाचा मनुष्य तेथे बंधू म्हणून यावा, आणि ख्रिस्ताचे अनुयायित्व भारतीय वेषात, भारतीय रीतीने आचरावे, अशी त्यामागील कल्पना होती. लक्ष्मीबाईंनी पूर्वी अनेकदा अशी ओढाताण सोसली होती. याही वेळी त्या पतीच्या पाठीशी उभ्या राहिल्या.

नंतरची वर्षे थोडीच होती. १९१८ मध्ये बालकवींचा रेल्वेखाली सापडून अकाली मृत्यू झाला. टिळक पतिपत्नींनी ज्याला मुलासारखे जवळ केले होते, तो ऐन तारुण्यात गेला. टिळकांचे शरीरही थकत चालले होते. मात्र त्यांचे लेखन आणि भजन थांबले नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांनी इहलोकीची यात्रा संपवली. ज्याला त्यांनी आयुष्यभर आपला सखा म्हटले, त्याच्या भेटीला ते शांतपणे निघून गेले.

त्यांच्या मागे लक्ष्मीबाईंनी आणखी सतरा वर्षे काढली. अपुऱ्या राहिलेल्या ‘ख्रिस्तायना’ला चौसष्ट अध्यायांची जोड देऊन त्यांनी पतीचा संकल्प पुढे नेला. त्यांनी लिहिलेली ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. मराठीतील उत्तम आत्मचरित्रांत या ग्रंथाची गणना होते. त्यात त्यांनी टिळकांचे गुण सांगितले आहेत, त्याचप्रमाणे त्यांचे दोष व हट्टही लपवून ठेवले नाहीत. इतके भोगलेल्या स्त्रीच्या लेखणीत कटुता असती तर कोणी तिला दोष दिला नसता. पण त्या पानापानांतून हसू उमटते. टिळकांनी ज्या आनंदाची गाणी गायिली, तो आनंद त्यांच्या घरातही उतरला होता, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

सुखात आनंदी राहणे कोणालाही जमते. टिळकांचा आनंद दुःख टाळून मिळवलेला नव्हता. आणि दुःख नाहीच, असे खोटे समाधानही तो नव्हता. आई गेली तेव्हा ते रडले, मूल गेले तेव्हा त्यांनी अश्रू ढाळले, पत्नीच्या वियोगात ते तळमळले. पण आपल्या दुःखात देव आपल्याबरोबर आहे, आणि जगात आपल्याहून दुःखी असे पुष्कळ आहेत, या दोन गोष्टी ते विसरले नाहीत. पहिल्या गोष्टीने त्यांना धीर दिला, दुसरीने त्यांना सेवेस लावले. करजगावच्या त्या पोरक्या मुलाने हजारो दुःखितांच्या ओठांवर गाणे ठेवले, ते या दोन गोष्टींच्या बळावर.